रोवणीपासून कापणीपर्यंत बापाकडे

८ जुलै १९७९, जवाहरनगर

आज विशाखाला कारध्याहून घेऊन आलो. पंचांनी ठरवलेल्या दिवशी गेलो होतो, तरी पोरगी समोर नव्हती. मेव्हणा चिंधू म्हणाला, "असन कोठं तरी खेळून राहिली. बसा न जी." जिथं माणसाला बसवून ठेवतात आणि ज्याला बोलावलं त्याला हजर करत नाहीत, तिथं काहीतरी शिजत असतं, एवढं दरबानाच्या नोकरीनं मला शिकवलंय. पुढ्यातला चहा थंड झाल्यावर देवकानं तिला आतून हाताला धरून आणलं. खेळायला गेलेली पोरगी आतल्या खोलीतून कशी निघते? केसांत कोळ्याचं जाळं लागलेलं होतं. मुद्दाम दडवून ठेवली होती, मला शंका नाही.

देवका माझी बायको. काडीमोड झालेली नाही, पण भावाकडे राहते, नांदायला येत नाही. तीन सालांमागं कारध्याच्या विहारात पंच बसले आणि आमची एकुलती एक पोरगी वाटून दिली. धानाची रोवणी लागली की बापाकडे, कारण पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी कारध्यात शिरतं आणि माझं क्वार्टर पक्कं आहे. कापणी झाली की मायकडे. पोरीच्या शाळाही त्याप्रमाणे दोन. मी आत्तापासूनच ठरवून ठेवलंय की ही वाटणी मोडून पोरगी कायमची माझ्याकडे आणायची. पंचांपुढं बोलायला तारीखवार पुरावा पाहिजे, म्हणून ही वही.

देवका का गेली, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणते, मी तिची पिशवी तपासतो. अरे, मी फॅक्टरीच्या गेटवर दिवसभर लोकांच्या पिशव्या, डबे, टोप्या तपासतो. आत बारूद आहे, एक माचिसची काडी गेली तर आम्ही सगळेच गेलो. घरी आल्यावर हात आपोआप पिशवीकडे जातो, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? ज्याच्या पिशवीत काही नसतं तो पिशवी उघडून दाखवतो. ती रडायची. म्हणून माझा संशय वाढायचा.

२२ जुलै

खात्याच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो. पास झालो तर हवालदार. कॉलनीच्या वाचनालयात फाटकी इंग्रजी पुस्तकं फुकट वाटत होते. फुकट का देतात ते कळेना, म्हणून उलटसुलट करून पाहिली. एक मच्छर मारण्यावर होतं, एक जर्मनीतल्या राजघराण्यांवर. दुसऱ्यात फोटो होते, ते उचललं. मुखपृष्ठ नाही, लिहिणाऱ्याचं नावही नाही. रोज डिक्शनरी घेऊन अर्धं पान लावायचं ठरवलंय.

विशाखाला त्यातला एक फोटो फार आवडला. पांढऱ्या झालरीच्या फ्रॉकमधली राजकन्या, वय हिच्याएवढंच असेल. नाव एलिझाबेथ. बाप जर्मनीतल्या हेसे नावाच्या संस्थानाचा राजा. पणजी म्हणजे इंग्लंडची ती राणी, जिच्या तोंडवळ्याचा रुपया माझ्या आजीच्या गळ्यात होता. फोटोत पोरगी हसत नाही. सरळ आपल्याकडे पाहते.

विशाखानं विचारलं, "बाबा, हिची माय कोठं राहते?"

मी म्हणालो, अजून तिथवर वाचलं नाही.

५ ऑगस्ट

वाचलं. मला आधी खरंच वाटेना, शब्द पुन्हा पुन्हा काढून पाहिले. राजकन्येच्या आईबापाचं पटत नव्हतं. म्हातारी राणी होती तोवर तिनं काडीमोड होऊ दिली नाही. ती मेली आणि त्याच साली झाली. मग पोरीचं वर्ष वाटलं, अर्धं बापाकडे, अर्धं आईकडे. म्हणजे आमचे पंच अगदीच अडाणी नाहीत, राजेरजवाड्यांतही हाच निकाल लागतो.

पुढं लिहिलंय ते तर देवकाला वाचून दाखवावं असं आहे. आईकडे जायची वेळ आली की पोरगी सोफ्याखाली शिरून मुसमुसायची. आता यावर आणखी कोणता साक्षीदार पाहिजे?

कारण विशाखाही तेच करते. गेल्या साली कापणीनंतर पोचवायला निघालो तेव्हा ती माझ्या खाटेखाली शिरली होती. मला पाय धरून ओढावं लागलं. मी तेव्हाच ओळखलं होतं की त्या घरात तिला काहीतरी त्रास आहे. आज विशाखाला ही गोष्ट सांगितली. ती फोटोवरून बोट फिरवत बसली.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. देवकानं चिंधूच्या हाती कानवले पाठवले. चिंधू सायकलवरून एवढ्या लांब आला आणि पाणीही न पिता गेला. इतकी घाई कशाची?

मी एक कानवला गल्लीतल्या कुत्र्याला घातला. त्यानं खाल्ला आणि शेपटी हलवत दुसरा मागू लागला. पण काही गोष्टींचा परिणाम उशिरा होतो. बाकीचे नालीत टाकले. विशाखा दारात उभी होती.

"कुत्र्याले काहून देल्ले बाबा? मायनं मले पाठवले होते न."

मी तिला जवळ बसवून नीट समजावलं. म्हणालो, कोणी काही दिलं तर खायचं नाही, कोणी काही सांगितलं तर मानायचं नाही, आपण स्वतः पाहायचं. हे शहाणपण जितकं लवकर येईल तितकं बरं. ती मान हलवत होती. हुशार आहे पोरगी.

९ सप्टेंबर

राजकन्या मेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आठ वर्षांची होती. बापाबरोबर पाहुणी गेली होती, रशियाच्या बादशहाच्या शिकारीच्या वाड्यावर. तिथं आतेबहिणींशी खेळली, आणि एकाएकी तापानं फणफणली. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. पण लोकांत कुजबुज अशी की विष होतं. बादशहासाठी घातलेलं, तिच्या ताटात गेलं.

डॉक्टर काय, जे सांगायला सांगितलं ते सांगतात. मला विषाचं पटतं. एवढ्या नोकरचाकरांत कोणी कोणाची झडती घेत होतं का? कोणीच नाही.

विशाखाला शेवट सांगितला. तिनं विचारलं, "मंग तिच्या मायनं टाकलं का जेवनात?" मी म्हणालो, माय तिथं नव्हती. पण कोणाचं काय सांगावं.

१४ सप्टेंबर

शेजारच्या पार्वताबाई आज माझ्यावर बिघडल्या. माझी ड्यूटी असते तेव्हा विशाखा त्यांच्याकडे जेवते. एकट्या आहेत, मुलगा बाहेरगावी. पैसे घेत नाहीत, हे मला पहिल्यापासून खटकतं.

म्हणाल्या, "भाऊ, हे पोट्टी माह्या हातची भाकर सुंगून सुंगून पाह्यते. तुमी काय शिकवून राहिले इले?"

मी म्हणालो, लहान आहे, खेळत असेल.

"खेळ नाही होय हा. दोन दिवस झाले, धड जेवत नाही. तुमी हातानं वाहाडान तेव्हाच खाते."

मनातून मला बरं वाटलं. माझ्या हातचंच खाते. पंचांपुढं हे सांगता येईल.

१ ऑक्टोबर

विशाखाला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो. गर्दीत तिचा हात घट्ट धरून ठेवला. कोण कुठून येईल आणि नेईल. देवकाच्या घरचेही आले असतील, नजर ठेवून होतो. कोणी दिसलं नाही.

तिथं लोक मोठाल्या पातेल्यांतून जेवण वाढत होते. कोणाचं काही खाऊ दिलं नाही, पोरगी भुकेली राहिली. परत येताना रस्त्याच्या कडेला एक बाई तळ्यातले हिरवे शिंगाडे विकत होती, तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत ठेवलेले, ताजे. ते मी स्वतः निवडून घेतले, स्वतः सोलून दिले. पोरीनं वास न घेता पोटभर खाल्ले. किती दिवसांनी तिला असं खाताना पाहिलं. डोळे भरून आले.

१३ ऑक्टोबर

विशाखाला ताप. कंपाउंडरकडून गोळ्या आणल्या. दोनदा पाहून घेतल्या, पाकीट फोडलेलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. जिभेवर पांढरं, पोट फुगलेलं. आज कॉलनीच्या दवाखान्यात भरती केली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण पक्क्या. रक्त तपासून म्हणाल्या, टायफॉइड. उशीर केलात, आता जपावं लागेल.

मला पुस्तकातला तो शब्द डोळ्यांपुढं दिसला. बाकावर बसलो.

बाईंनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायली. मी सांगितलं, मायकडून कानवले आले होते. केव्हा? पोळ्याला. त्या म्हणाल्या, इतक्या मागचं नाही, अलीकडचं सांगा. मी म्हणालो, अलीकडे माझ्या हातचंच खाल्लंय, फक्त माझ्या हातचं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्या नजरेचा अर्थ लागला नाही. कानवले मी टाकले होते खरे, पण एखादा तिनं आधीच उचलला असेल.

१८ ऑक्टोबर

विशाखा तापात "माय, माय" करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईला बोलावून घ्या. पार्वताबाईंनीही तेच लावलंय.

"तिच्या मायले सांगा भाऊ. उद्या काही झालं तं कोनतं तोंड दाखवान?"

सांगणार नाही. देवका आली की माझ्या घरात पोरगी आजारी पडली, हेच पंचांपुढं जाईल. बापाकडे पोर टिकत नाही म्हणतील आणि वाटणी मोडून तिच्या पदरात टाकतील. तिला हेच पाहिजे असेल. एकदा पोरगी गेली की मला या क्वार्टरात काय आहे? चार भिंती आणि एक कुलूप.

१९ ऑक्टोबर

ती आली. कोणी सांगितलं असेल ते मला माहीत आहे. पार्वताबाईंशी बोलणं बंद.

मी फॅक्टरीच्या गेटवर ड्यूटीला होतो. कॉलनीच्या नाक्यावरून सुखरामचा फोन आला. सुखराम माझ्याच तुकडीतला, नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बनवतो. आत राहणाऱ्यानं ओळख दिल्याशिवाय बाहेरच्याला पास मिळत नाही.

तो म्हणाला, "आनंदराव, वहिनी येऊन राहिल्या कारध्यावरून. तुमच्या नावानं पास बनवू न?"

मी म्हणालो, ओळखत नाही.

तो मग म्हणाला, "मी ओळखतो न जी त्यायले."

मी म्हणालो, तुझ्या नावावर बनव मग, आणि काही झालं तर तू उत्तर दे. फोन ठेवला. सुखराम नियमाला घाबरतो, मला ठाऊक होतं.

ड्यूटी सुटल्यावर मागच्या वाटेनं दवाखान्यात गेलो. विशाखाचे ओठ फुटलेत. मला ओळखलं नाही.

२० ऑक्टोबर

देवका नाक्याबाहेर बसून आहे. काल रात्रीही गेली नाही, चहाच्या टपरीच्या आडोशाला होती, सुखराम सांगत होता. मी विचारलं नव्हतं.

सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. काहीतरी करायचं म्हणून पुस्तक नेलं होतं. राजकन्येच्या मरणानंतर तीन-चार ओळी राहिल्या होत्या, त्या लावल्या. पोरगी आजारी आहे हे आईला कळवायला उशीर केला. ती निघायच्या तयारीत होती तेवढ्यात दुसरी तार आली, की पोरगी गेली, आता येण्याचं काम नाही. कोणी उशीर केला, का केला, यावर लिहिणारा फार बोलत नाही.

मी म्हणणार होतो, बरं झालं. तोंडात शब्द आला होता. पण आला तसा गिळला.

मग सोफ्याचं पान पुन्हा काढलं. कशाला काढलं सांगता येत नाही, आधार पाहिजे होता म्हणून असेल. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी तेव्हा सोडून दिली होती. ती हकिकत बापानंच लिहून ठेवलेली. दाईनं पाहिलेलं नाही, डॉक्टरनं नाही. बापानं पाहिलं, बापानं सांगितलं, आणि मी शिक्का मारून आत सोडलं. गेटवर नवा माणूस भरती होतो तेव्हा मीच त्याला शिकवतो की ज्याच्या हाती माल आहे त्याचीच साक्ष धरू नको. त्या वाड्यात मी स्वयंपाक्यावर संशय घेतला, डॉक्टरवर घेतला, बादशहाच्या नोकरांवर घेतला, तिथं नसलेल्या आईवरही घेतला. बापाची झडती घेतलीच नाही.

आतून विशाखा "माय" म्हणाली. आवाज अगदी बारीक झालाय.

नाक्यावर गेलो. सुखरामनं पासाचं पुस्तक पुढं केलं. मी सही केली. देवका उठून आली. दोन दिवसांत चेहरा उतरलाय तिचा. कोणी मागायच्या आत तिनं पिशवी उघडून धरली, सुखरामपुढं नाही, माझ्यापुढं. मी ड्यूटीवर नव्हतो. तरी माझा हात पुढं गेला, तो मी मागं घेतला. तिनं ते पाहिलं. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

वॉर्डात विशाखानं डोळे उघडले. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

मी म्हणालो, "तुला पाहून घाबरली."

देवका म्हणाली, "दोघाले एका जागी पाहून घाबरली. आता कोनी तरी नेईन असं वाटते तिले." मग खाली बसून चादरीवरूनच पोरीच्या पायावर हात फिरवत राहिली. "तुमी येनार म्हटलं का हे तिकडं धानाच्या ढोलीमागं जाऊन बसते. दर डाव मलेच वढून काढा लागते. तुमाले वाटते, मी लपवली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी मानलं असतं?"

बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो. सफाईवाला बाजूनं झाडत निघून गेला.

२९ ऑक्टोबर

आज ताप नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला. देवकानं आल्यापासून तिची खाट सोडलेली नाही. पार्वताबाई दोघींसाठी पेज आणतात. त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि बरोबर आहे.

बाईंना मी शिंगाड्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, असू शकतं, नसूही शकतं, आता उकळून पाणी द्या. मला मात्र आता कोणाच्या पिशवीत शोधायची गरज उरली नाही.

१८ नोव्हेंबर

कारध्यात धान कापून झाला. विहारात गेलो आणि पंचांना सांगितलं की वाटणी मोडा. पोरगी मायकडेच राहू द्या, एका घरी, एका शाळेत. रोवणीलाही मी नेणार नाही. पाणी चढलं तर दोघींनी माझ्या क्वार्टरात यावं, मी सुखरामकडे झोपेन. खर्च माझा.

पंच एकमेकांकडे पाहू लागले. थोरले म्हणाले, "आनंदराव, याच्यात तुमचा काही डाव तं नाही न?"

मी म्हणालो, नाही. किती वेळा म्हणालो. शेवटी देवका म्हणाली, "राहू द्या जी, मनापासून म्हनून राहिले." तिच्या शब्दावर त्यांनी मानलं.

नांदायला ये, असं मी तिला म्हणालो नाही. म्हणायचा हक्क आज तरी नाही.

मग चिंधूच्या घरी जाऊन विशाखाला सांगितलं; दवाखान्यातून सुटल्यावर ती मायसोबत इकडंच आली होती. ती हाडांची काडी झालीय, केस गळलेत, पण पायावर उभी आहे.

"आता तू इथंच राहायचं."

"रोवनी लागतवर?"

"रोवणी लागली तरी. नेहमी."

तिनं आईकडे पाहिलं. देवकानं मान हलवली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच तं म्हटलं होतं, कोनी सांगतलं तं मानाचं नाही म्हनून."

मी तिच्यापुढं शपथ घ्यायला निघालो होतो. घेतली नाही. शपथा गेटवर रोज ऐकतो.

२३ डिसेंबर

सुट्टीच्या दिवशी कारध्याला जातो. संध्याकाळी एकटा परत येतो. बोलून तिला पटायचं नाही, म्हणून हाच उपाय मला सुचलाय, जायचं आणि दर वेळी एकटं परत यायचं. सुरुवातीला मी बसलेला असेपर्यंत ती ढोलीमागून निघतच नसे. मी तिला बोलावत नसे. चिंधूशी धानाच्या भावाचं बोलून उठत असे. आता ओट्यापर्यंत येते. मागच्या वेळी माझ्या पुढ्यातल्या बशीतला एक मुरमुरा उचलून खाल्ला. वास घेतला आधी.

आज ती मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली, आईचा हात धरून. देवका म्हणाली, सोताहून निघाली, मी नाही म्हटलं होतं चाल म्हणून. मला इतकं बरं वाटलं की वाटेत काय बोललो तेही आठवत नाही. परीक्षा द्यायची राहून गेली, असं काहीतरी सांगितलं असेल.

बस आली. मी चढून खिडकीशी बसलो आणि हात केला. तिनं हात केला नाही. ती माझ्या शेजारची रिकामी जागा पाहत होती, मग दरवाजा, मग मी खरंच बसून आहे ना ते. ती नजर मी ओळखतो. आत आलेला माणूस पुरता बाहेर गेला का, हे पाहणाऱ्याची ती नजर असते.

मी खिडकीतून नीट दिसेन असा सरकून बसलो. बस पुलाकडे वळेपर्यंत ती तिथंच उभी होती.